पूजेला बसलेला फोन

"तम्मा, तुझी हत्यारं आण," चन्नव्वाअक्कांनी खोलीच्या दारात उभं राहून फर्मावलं, आणि व्यंकटला इतका आनंद झाला की कसली हत्यारं नि कशाला, हे विचारायचंसुद्धा त्याला सुचलं नाही.

'तम्मा' म्हणजे कानडीत धाकटा भाऊ, पण आनंदाचं कारण त्याहूनही साधं होतं. पावसाळ्याच्या तोंडाशी तो बिदरला या खोलीत राहायला आला, तेव्हापासून घरमालकीणबाईंचं त्याच्याशी बोलणं नळ, दिवा आणि फाटक यांच्यापलीकडे गेलेलं नव्हतं. नळ नीट बंद कर, दिवा मालव, फाटकाला कडी घाल. त्यावर त्याचंही उत्तर ठरलेलं. "व्हय अक्का." झालं संभाषण. औरादकडच्या खेड्यातून आलेला हा पोरगा मुळातच लाजरा. कॉलेजातली मुलं आपसात कानडी नाहीतर दखनी बोलायची. ते त्याला समजे सगळं, पण उत्तर जुळवून जिभेवर येईपर्यंत विषय बदललेला असे. मग तो नुसता हसायचा, आणि ते हसूही उशिरा पोचल्यामुळे मुलं त्याच्याकडे चमकून बघायची. शेवटी त्याने हसणंही सोडून दिलं.

आणि असा हा प्राणी शिकत काय होता, तर आयटी सपोर्ट. म्हणजे ज्यांचं तोंडही बघितलेलं नाही अशा माणसांशी दिवसभर फोनवर गोड बोलायचं, त्यांचं बंद पडलेलं मशीन इकडून चालू करायचं, आणि वर फोन केल्याबद्दल त्यांचेच आभार मानायचे, याचा डिप्लोमा. गावाकडे वडील पिराप्पांनी मात्र पारावर सांगून ठेवलं होतं की पोरगं कंप्यूटरचा डाक्टर व्हायलंय. दसऱ्याच्या सुट्टीला सगळा वर्ग पिशव्या भरून आपापल्या गावाला गेला तेव्हा हा एकटाच मागे राहिला, तोही या डाक्टरकीपायीच. हैदराबादच्या एका कंपनीने कॉलेजातून त्याचं नाव निवडलं होतं आणि फोनवरची मुलाखत नेमकी खंडेनवमीला दुपारी बाराला ठेवली होती. गावी जावं तर तिथे फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर मिळे, आणि टाकीवर चढून मुलाखत देणं काही बरं दिसलं नसतं.

"सणाला ये की रे," आई कलाबाई फोनवर म्हणाली होती.

"आई, नोकरीचं हाय."

"नोकरीला सण नसतो व्हय?"

"हैदराबादच्या कंपनीला नसतो."

"मग असल्या ठिकाणी कामून जायलास?" आईने विचारलं होतं. त्यावर त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते आईला पटण्यासारखं नव्हतं. ही नोकरी हुकली की पुढची वाट कोळारच्या गोदामात खोकी उचलायची. चुलतभाऊ तिथेच होता आणि "कधी येतोस?" असं अधूनमधून प्रेमाने विचारत होता.

तर अशा एकट्या सकाळी अक्का हत्यारं मागायला आल्या. कुणीतरी आपल्याला आपल्या सणात धरलंय, एवढ्यानेच त्याला भरून आलं. त्याने स्क्रू ड्रायव्हर, केबल कापायची पक्कड, पेन ड्राइव्ह असं सगळं गोळा केलं आणि देवघरात नेऊन दिलं. तिथे अक्कांची शिलाई मशीन हळदीकुंकू लावून सजलेली होती. शेजारी विळी, कात्री, आणि हुमनाबादच्या हायवेवर जन्मभर लॉरी चालवून वारलेल्या त्यांच्या मालकांचे पान्हे घासूनपुसून ओळीने मांडलेले होते.

अक्कांनी त्याच्या सामानाकडे बघून नाक मुरडलं. "एवढंच? आणि दिवसभर हातात धरून बसतोस ते कुणाचं हत्यार?"

व्यंकटने खिशातला फोन काढून मोठ्या अदबीने ताटात ठेवला. त्या वेळी अक्कांनी त्याचं डोकं मागितलं असतं तरी त्याने ते ओळीत मांडलं असतं.

पूजा झाली. फोनच्या काचेवर विभूतीच्या तीन रेघा उमटल्या, त्यांच्या मधोमध कुंकू लागलं, वर झेंडूचं फूल बसलं. आरती झाली, नारळ फुटला. व्यंकटने प्रसाद खाल्ला, हात पुसला आणि फोन घ्यायला पुढे केला. अक्कांनी त्या हातावर चापट मारली.

"उद्या."

"अक्का?"

"आज हत्यार उचलायचं न्हाई. आज त्यांची सुट्टी. तुमच्यात न्हाई का असं?"

होतं की. त्यांच्यातही असंच होतं. एका खंडेनवमीला अंगणात साप निघाला तेव्हा पिराप्पांनी पूजेतली काठी न उचलता त्याला चपला फेकून हुसकावलं होतं, हे व्यंकटने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. फक्त फोन हे हत्यार आहे, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. काठी, विळा, लोकर कातरायची कात्री ही हत्यारं. फोन म्हणजे त्याला हातापायासारखा वाटायचा, आणि हातपाय कुणी पूजेला बसवत नाही.

'अक्का, बाराला माझी मुलाखत हाय,' हे वाक्य त्याने मनातल्या मनात आधी मराठीत तयार केलं, मग कानडीत, मग धीर यावा म्हणून इंग्रजीत. तेवढ्यात अक्का समईची वात सारखी करत म्हणाल्या, "मालक गेल्यापासून पूजेत एकटीचंच सामान मांडायचे बघ. आज दुसऱ्याचं ठेवलं, बरं वाटलं." झालं. तीनही भाषांतली वाक्यं घशातच राहिली. वर त्याच्या मनात असंही येऊन गेलं, की देवापुढून ओढून आणलेल्या फोनवर मिळालेली नोकरी टिकेल तरी का? तो "व्हय अक्का" म्हणाला आणि फाटकाला कडी घालून बाहेर पडला.

त्याचा बेत तसा सरळ होता. कंपनीचा मेल कॉलेजच्या खात्यावरही आला होता. कुठल्याही कंप्यूटरवर बसायचं, मेल उघडायचा आणि कळवायचं की सर, फोन बंद आहे, इकडून बोलतो. आयटी सपोर्टवाल्या माणसाला कंप्यूटरची काय वानवा?

कॉलेजच्या फाटकावर वॉचमन ईरण्णा खुर्ची टाकून बसला होता. दाराला लाल रंगाने माखलेला कोहळा टांगलेला होता.

"ईरण्णा, लॅब उघडतावं का जरा? एकच मेल बघायचाय."

"लॅब?" ईरण्णाने त्याच्याकडे असं बघितलं जणू याने देवळात चपला घालून जायची परवानगी मागितली होती. "पूजा झाली की. सर स्वतः करून गेले. ये, खिडकीतनं दर्शन घे."

व्यंकटने खिडकीतून दर्शन घेतलं. सगळे कंप्यूटर कपाळाला विभूती लावून शांत बसले होते. माऊसना झेंडूच्या माळा होत्या. ज्या सर्व्हरजवळ पाण्याची बाटली नेली तर सर ओरडायचे, त्याच्यासमोर भरला तांब्या ठेवलेला होता.

"एक चालू केला तर कुणाला कळणार हाय, ईरण्णा?"

"देवाला," ईरण्णा म्हणाला, आणि विषय मिटला.

तिथून तो तिप्पण्णाच्या ऑनलाइन सेंटरवर गेला. आधार, पॅन, रेल्वेचं तिकीट, निकाल, सगळं तिथे निघायचं आणि एरवी दारात उभं राहायला जागा नसायची. आज शटर अर्ध्यावर होतं. आत तिप्पण्णा मोकळे हात मांडीवर ठेवून बसलेला होता. कंप्यूटर, प्रिंटर, झेरॉक्सचं मशीन, लॅमिनेशनचं मशीन, सगळे कुंकू लावून रांगेत, आणि रांगेच्या शेवटी त्याचाही फोन.

"बस बस," तिप्पण्णा कमालीच्या आपुलकीने म्हणाला. "चालू काहीच करता येणार नाही, पण बस. सकाळपासून बसून बसून येडा व्हायलोय. बायको टीव्ही बघू देईना, म्हणे रिमोट पण पूजेत हाय. वेळ किती झाली रे?"

"ठाऊक न्हाई," व्यंकट म्हणाला. "माझा फोन पण पूजेत हाय."

दोघांनीही भिंतीकडे बघितलं. भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. ते कित्येक वर्षं बंद होतं, पण तिप्पण्णाला हे आज पहिल्यांदा कळलं.

एरवी असं प्रेमाने 'बस' म्हणणारा माणूस व्यंकटला साऱ्या बिदरमध्ये भेटला नव्हता. ज्या दिवशी भेटला त्या दिवशी बसायला वेळ नव्हता. तरी तिप्पण्णाने त्याला मेहुण्याच्या जमिनीची भानगड पूर्ण ऐकवली, कारण व्यंकटला मधेच उठता येत नव्हतं. समोरच्याचं बोलणं पुरं होऊ द्यायचं, हे कॉलेजात शिकवलं होतं. मेहुण्याने एकदाची कोर्टात तडजोड केली, आणि तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी कुणालातरी ओरडलं, "बारा वाजून गेले की रे!"

व्यंकट ताडकन उठून रस्त्यावर आला. कंपनीचा फोन आता देवघरात वाजत असेल. झेंडूच्या फुलाखाली थरथरत असेल. वाजेल, थांबेल, पुन्हा वाजेल, आणि मग हैदराबादेत कुणीतरी त्याच्या नावापुढे फुली मारून पुढच्या माणसाला लावेल. डोळ्यांसमोर कोळारचं गोदाम दिसायला लागलं. चुलतभाऊ त्याला खोकं नीट कसं उचलायचं ते शिकवत होता.

कोपऱ्यावर खाजाभाईंचं चहाचं हॉटेल होतं. खाजाभाई गल्ल्यावर बसून फोनवर कुणाशी तरी मजेत बोलत होते. सकाळपासून व्यंकटला दिसलेला हा पहिला चालू फोन. तो धावतच गेला.

"भाई, जरा फोन देतावं? लई नड हाय."

खाजाभाईंनी त्याच्याकडे बघितलं, समोरच्याला "रुक, करतुं" म्हणून फोन ठेवला आणि लगेच पुढे केला. "लेव मियाँ. इत्ता घाबरे कायकू? घर में कुछ हुआ क्या?"

"न्हाई भाई," व्यंकट म्हणाला आणि फोन हातात घेऊन उभा राहिला.

तो तसाच उभा राहिला. कंपनीचा नंबर त्याच्या फोनमध्ये होता. सरांचा नंबर फोनमध्ये होता. आईचा नंबरही त्याने कधी आकडे दाबून लावला नव्हता. 'आई' या नावावर बोट ठेवलं की आई लागायची. हातात चालू फोन होता, पुरेपूर रेंज होती, आणि अख्ख्या जगात एक माणूस असा नव्हता ज्याला तो लावता आला असता. खेड्यातून आल्यापासून त्याला एकटं वाटत होतंच, पण त्याचा असा हिशेब समोर कधी आला नव्हता. त्याला रडू यायला लागलं.

"नंबर नै मालूम?" खाजाभाईंनी हळूच विचारलं.

एक नंबर मात्र त्याला पाठ होता. कॉलेजच्या हेल्पडेस्कचा. मुलांच्या सरावासाठी सरांनी सुरू केलेला हा नंबर प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला म्हणावा लागे, म्हणून तो झोपेतही म्हणता येई. दुसरं काहीच सुचेना म्हणून बोटांनी तोच नंबर दाबला. घंटी जायला लागल्यावर त्याच्या लक्षात आलं, की सुट्टीत मागे राहणारा आपण एकटेच, म्हणून सरांनी तो नंबर आपल्याच फोनवर वळवून दिलाय. म्हणजे आता आपण मदत मागायला आपल्यालाच फोन लावलाय. कुणी उचलला नाही. उचलणार कोण? मदत करणारा तर इथे हॉटेलात उभा होता.

त्याने पुन्हा लावला. या वेळी फोन एंगेज लागला.

"बिझी हाय," तो चक्रावून म्हणाला.

"तो अच्छाच है ना. आदमी है उधर."

"भाई, पण तो माझाच फोन हाय!"

खाजाभाईंनी यावर नीट विचार केला. "तुमारे फोन पे तुम नै बोलरे. फिर कौन बोलरा?"

व्यंकटने फोन त्यांच्या हातात कोंबला आणि घराकडे पळत सुटला. चोर शिरला असेल का? पण चोर फोन नेईल, देवघरात बसून गप्पा मारेल कशाला?

फाटकाला कडी तशीच होती. तो ओसरी ओलांडून देवघराच्या उंबऱ्यावर पोचला आणि थबकला. अक्का पाटावर मांडी घालून बसल्या होत्या. त्यांच्या समोर ताटात, पान्ह्यांच्या आणि कात्रीच्या मध्ये, त्याचा फोन जागच्या जागी होता. फूल तेवढं बाजूला सरकवलेलं होतं. आणि कुंकवाच्या मागून एक पुरुषी आवाज खदाखदा हसत होता.

"न्हाई हो सर, खोटं कामून सांगू?" अक्का ताटाला सांगत होत्या. मराठी आणि कानडी दोन्ही एकाच वाक्यात वाहत होतं. "पहिलं तर मला वाटलं, पोरगं मुकंच हाय. मग एक दिवस संध्याकाळी खोलीतनं आवाज. इंग्लिश! म्हणलं, पोरगी आणली का काय यानं! फटीतनं बघितलं. तर भिंतीकडं तोंड करून एकटाच बसलाय, आणि भिंतीला म्हणायलाय, सॉरी सर, सॉरी सर."

"भिंतीला?"

"भिंतीला. रोज. यानं भिंतीचं काय घोडं मारलंय, देवाला ठाऊक. पण आवाज काय गोड काढतो हो! मी पण ओसरीवर बसून ऐकते. दुसरं कोण बोलतंय या घरात?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं व्यंकटला झालं. आपण एकटे आहोत, आपल्याला कुणी बघत नाही, कुणी ऐकत नाही, असं धरून तो इतके महिने भिंतीसमोर सराव करत होता. आणि त्याला रोज एक श्रोता होता. वाईट वाटावं की बरं, हे ठरवायलाही त्याला सवड मिळाली नाही, कारण अक्कांनी मान वळवली.

"आला बघा, आला. उचलू नको रे! तिथनंच बोल."

"व्यंकट?" फोनमधला आवाज म्हणाला. "मी प्रशांतकुमार, टीम लीड. बारा वाजल्यापासून फोन लावतोय. शेवटी लागला, तेव्हापासून तुझ्या इंटरव्ह्यूत आहे. तू आत्ता आलास."

"सॉरी फॉर द डिले, सर," सवयीने व्यंकटच्या तोंडून गेलं.

"बघा!" अक्का विजयाने म्हणाल्या. "हेच. रोज हेच."

व्यंकट पाटासमोर हात जोडल्यासारखा बसला. उदबत्तीचा धूर सरळ त्याच्या नाकात येत होता. प्रशांतकुमारांनी घसा साफ केला. त्यांचं गाव अफजलपूर तालुक्यातलं करजगी, हे अक्कांनी आधीच काढून घेतलेलं असल्यामुळे मुलाखत इंग्रजीत घ्यायचा त्यांना आता संकोच वाटत होता.

"बरं. गिऱ्हाईक म्हणतं, इंटरनेट चालत नाही. तू पहिलं काय विचारशील?"

वायर लागली आहे का, दिवा पेटतोय का, हे व्यंकटला झोपेत येत होतं. पण समोर देव, बाजूला अक्का, नाकात धूर. त्याला शिंक आली आणि शिंकेबरोबर भलतंच उत्तर बाहेर पडलं. "अख्खं मशीन पुसून नवीन टाकायला लावेन, सर."

"अख्खं मशीन?" फोनमधला आवाज म्हणाला.

"सर, उपाशी हाय पोरगं," अक्का म्हणाल्या. "नारळाच्या तुकड्यावर हाय सकाळपासून. पुढचं विचारा."

पुढची दोन उत्तरंही त्याच थाटाची गेली. पासवर्ड विसरलेल्या गिऱ्हाइकाला त्याने प्रिंटर बंद करायला सांगितला. मग प्रशांतकुमारांनी विचारलं, "आणि गिऱ्हाईक चिडून ओरडायला लागलं तर?"

"ते मला विचारा," अक्का पुढे सरसावल्या. "मी रोज ओरडते याच्यावर. नळावरनं."

"मग काय करतो?"

"काय करतो! व्हय अक्का म्हणतो. एकदा उलट बोलला न्हाई. नळ मात्र दुसऱ्या दिवशी परत टपकायलाच असतो."

"तो वॉशर गेलाय अक्का," व्यंकट कसाबसा म्हणाला. "बदलावा लागतो. मी सांगणार होतो."

"कधी सांगणार होतास? मी मेल्यावर?"

"व्यंकट, मला एक सांग," प्रशांतकुमार मधे पडले. "फोन घरात, फोन चालू, आवाज सगळ्या खोलीत ऐकू येतोय. आणि तू गावभर काय करत हिंडत होतास?"

"सर, अक्कांनी फोन उचलायचा न्हाई म्हणलं होतं."

"उचलू नको म्हणले!" अक्का उसळल्या. "बोलू नको म्हणले का? मी तरी कुठं उचललाय? एकदा वाजला, दोनदा वाजला, देवाला जप करू देईना. म्हणून जागच्या जागी बोट लावलं, दोन-चार चित्रं दाबली, तर हे सर बोलायला लागले. तू एका शब्दानं सांगायचास, अक्का, मुलाखत हाय. दोघं बसलो असतो इथं. कामून सांगितलं न्हाईस?"

"विचारायला भ्यालो," व्यंकट म्हणाला. "तुम्ही पहिल्यांदाच बोलवलं होतं. न्हाई म्हणलो तर परत बोलवणार न्हाईत, असं वाटलं."

अक्कांनी समईत उगाचच तेल घातलं.

"हं," प्रशांतकुमार म्हणाले. "उत्तरं सगळी चुकली तुझी. ती शिकवता येतात. माणसाला विचारायचं कसं, तेही शिकवावं लागेल. दसरा झाला की हैदराबादला ये."

"म्हणजे, सर?"

"म्हणजे नोकरी लागली रे तुला. भिंत एका शब्दाने बोलत नाही, तरी तिची रोज न चिडता माफी मागणारा माणूस मला दुसरा कुठं मिळणार? आमची गिऱ्हाइकं निदान शिव्या तरी देतात."

पिराप्पा पारावर आता काय काय सांगतील, आईला कधी कळवू, असं एकदम सगळं मनात आलं. "थँक यू, सर. सर, आता आईला फोन लावायचा होता. अक्का तिथंच बोट लावतील, तुम्ही जरा ठेवता का?"

"आईला लावू, पाच मिनिटांनी," प्रशांतकुमार म्हणाले आणि थोडे अडखळले. "तू जरा बाहेर बस. अक्का नि मी महत्त्वाचं बोलत होतो."

"व्हय, बस बाहेर," अक्का पुन्हा ताटाकडे वळल्या. "तर सर, तुम्ही सणाच्या दिवशी एकटेच हापिसात बसलाय, हे मला पटलं न्हाई. सगळे गावाला गेले, मग तुम्ही कामून न्हाई?"

"कुणाकडे जाऊ, अक्का? आई होती तोवर करजगीला जात होतो. आता घराला कुलूप आहे."

"जेवला काय?"

"कँटीन बंद आहे."

"अय्यो!" अक्का कळवळल्या. "हे बघा, हुमनाबादला माझ्या बहिणीची पोरगी हाय, रेणुका. शाळेत टीचर. तुमचं वय काय म्हणालात?"

फोनमधल्या माणसाने वय सांगितलं. आत्ताच नोकरी देणारा तो रुबाबदार आवाज आता शाळेतल्या मुलासारखा येत होता. व्यंकट उंबऱ्यावर बसून ऐकत राहिला. स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या मुलाखतीत, त्याला बाहेर बसवलं होतं, आणि तरी त्याला आत असल्यासारखं वाटत होतं.

"तम्मा!" आतून हाक आली. "नुसता बसू नको. चहा टाक. तिघांचा!"

अक्कांच्या स्वयंपाकघरात तो पहिल्यांदाच पाऊल ठेवत होता. डबे उघडून साखर, चहापत्ती शोधली. बिदरला आल्यापासून त्याने एका माणसाहून जास्त कुणाचा चहा कधी केलेला नव्हता. एकाला एक चमचा साखर एवढाच अंदाज, त्यामुळे तिघांचा करताना घातलेले चमचे मोजता मोजता तो विसरला आणि पुन्हा पहिल्यापासून घातले. तीन कप भरून देवघरात आणल्यावर तिसरा माणूस हैदराबादला आहे हे त्याच्या ध्यानात आलं. परत कुठे न्यायचा, म्हणून तो कप त्याने ताटात फोनसमोर नैवेद्यासारखा ठेवला.

अक्कांनी एक घोट घेतला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"सर," त्या ताटाला म्हणाल्या, "पोरगं पाठवते तुमच्याकडं, चांगलं हाय. पण चहा तुम्हीच करत जावा."

मग त्यांनी तो कप शेवटपर्यंत संपवला, आणि नैवेद्याचाही उचलला.